ट्रामवाल्याची बायको

आमच्या बाबांना गाडी वळवता येत नव्हती.

अख्खं घिवली गाव त्यांना 'ड्रायव्हर' म्हणायचं. खरं काय ते फक्त आईला माहीत होतं, आणि मला.

बाबा जाऊन वर्षं झाली. आई आज पहाटे गेली. आता लपवायचं कोणासाठी?

दुपारी भेटायला आलेली एक बाई म्हणाली, "बिचारी साधी होती हो, चूल आणि मूल."
तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. म्हणून लिहिते. लांबलचक आहे, पण नुसतं हात जोडून पुढे जाऊ नका, वाचा.

बाबा मुंबईत ट्राम चालवायचे. आमची खोली ट्रामच्या रस्त्यावरच, पहिल्या मजल्यावर.
रस्ता पहाटेच जागा व्हायचा. दूधवाले, भाजीच्या पाट्या, इराण्याच्या दारात पावासाठी लाइन, आणि या सगळ्यांच्या मधून खडखडत येणारी ट्राम.

ड्रायव्हर उभा. एका हातात स्पीडचा दांडा, दुसऱ्या हातात ब्रेक, घंटा पायाखाली. कोणी आडवं आलं की बाबा टाच आपटायचे. ठण ठण.
आई त्यांची घंटा बरोबर ओळखायची. ऐकली की डबा घेऊन जिना उतरायची. ट्राम हळू झाली की बाबांच्या हातात डबा.

स्टीअरिंग मात्र नाही. असणार कसं? रूळ नेतील तिकडे ट्राम जाणार.

चौसष्टात ट्राम बंद झाल्या. बाबांना बसचं ट्रेनिंग मिळालं. क्लच, गिअर, ब्रेक, सगळं जमलं. वळण आलं की हात गारठायचे. टेस्टमध्ये दोनदा नापास.
खोली सोडली आणि घिवलीला परत आलो.

तेव्हा तारापूरच्या वीज केंद्राचं काम जोरात होतं. एका कॉन्ट्रॅक्टरला ड्रायव्हर हवा होता. गावातल्यांनी परस्परच सांगून टाकलं, "आमचा भाऊ हाय ना, मुंबईचा ड्रायव्हर."
बाबांना नाही म्हणवेना. घरात चूल कशी पेटत होती ते आईलाच ठाऊक.

शनिवारी कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने जीप आमच्या अंगणात आणून लावली. सोमवारपासून ड्युटी.
बाया तिला हळदकुंकू लावून गेल्या. बाबा जेवले नाहीत.
आई म्हणाली, "शिकाल हो." पण तिलाही घास उतरत नव्हता.

रविवारी सकाळी शेजारची यमुनाकाकी अडली. पहिलटकरीण.
सुईण बाहेर आली नि म्हणाली, "माज्या हातात नाय आता. पालघरला न्या."
टांगा बोईसरला गेलेला. एसटी दुपारची.
सगळ्यांच्या नजरा जीपकडे, मग बाबांकडे.
"भाऊ, काडा गाडी."

बाबा पांढरेफटक.
खरं सांगितलं तर नोकरी जाणार. गाडी काढली तर यमुनाकाकी कुठल्या खड्ड्यात जाईल सांगता येत नाही. नाही काढली तर ती इथेच जाणार.

आईने चावी आणली. यमुनाकाकीला आणि तिच्या सासूला मागे बसवलं, मला त्यांच्या पायाशी कोंबलं, आणि स्वतः बाबांच्या शेजारी बसली.
कोणीतरी बोललंच, "तू कशाला गं?"
"म्हातारीला एकटीला जमंल काय?"

गावाबाहेर पहिलं वळण आलं. बाबांचे हात दगड. जीप सरळ खाजणाच्या चिखलाकडे.
आईने हात लांब केला आणि स्टीअरिंग खेचलं. जीप वळली.

आई शिरगावची. लग्नाआधी वाडीतली केळी बैलगाडीतून पालघरच्या बाजाराला तीच न्यायची. तिला भाऊ नव्हता, त्यामुळे कासरा तिच्या हातात.
"तुमी पाय बगा, मी रस्ता बगते," ती हळूच म्हणाली.

मागे यमुनाकाकी विव्हळत होती, सासू देवाचा धावा करत होती. पुढे काय चाललंय याचा दोघींना पत्ता नव्हता. मी मात्र सगळं बघत होते.

एका मोरीवर समोरून लाकडांची बैलगाडी आली. बाबांनी सवयीने टाच आपटली. खाली घंटा नव्हती, क्लच होता. इंजिन नुसतं बोंबललं.
"अहो, घंटा नाय हाय इथं. ब्रेक दाबा."
बैलगाडी आम्हाला चाटून गेली.

बोईसरच्या नाक्यावर एक कामगार सायकलसकट बाजूला पडला. "अरे भाई, देख के चलाओ."
आईचं कुंकू घामाने ओघळून नाकावर आलं होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

पालघरला पोचलो. यमुनाकाकीला आत नेलं. आई बाकावर बसली आणि डाव्या हाताने उजवा खांदा दाबत राहिली.

बऱ्याच वेळाने नर्स बाहेर आली. मुलगी झाली, दोघी ठीक.
सासू बाबांच्या पाया पडायला वाकली. "भाऊ, तुमी होता म्हणून."
बाबांनी तोंड उघडलं. आईने मान हलवली. नाही.

परत निघालो तेव्हा जीपमध्ये आम्ही तिघंच.
बाबा म्हणाले, "उद्या साहेबाला खरं सांगून टाकतो."
"उद्याचं उद्या. आता तुमी वळवा."
"आणि नाही वळली तर?"
"मागं आता कोण अडलेली नाय. पडलो तर आपुनच पडू."

तिने दोन्ही हात पदरात गच्च गुंडाळून घेतले.

एकेक वळण आलं. दर वळणाला पदराखाली तिचा हात हलायचा, मला मागून दिसायचा. जाताना घाबरली नसेल एवढी ती येताना घाबरली होती.
पण हात बाहेर काढला नाही.
जीप बाबांनी अंगणात आणून लावली.

सोमवारी ते ड्युटीवर गेले. पुढे रिटायर होईपर्यंत त्याच रस्त्यावर गाडी चालवली.
आणि आई जन्मभर गावाला सांगत राहिली, "यमुनेला आमच्यांनी नेली."

नाही. आईने नेली. आज सगळ्यांना कळू दे.

आई, तुला आम्हा सर्वांचा नमस्कार. जा आता, कोणाची काळजी करू नकोस.