मंडळाला नको असलेले नातेवाईक

मी शाळेत बायॉलॉजी शिकवते हे आमच्या कोलकात्यातल्या मराठी मंडळाला कळलं आणि तेव्हापासून एकही कार्यक्रम किश्शाविना पार पडलेला नाही. बाकीच्या बायका हळदीकुंकवाहून वाण घेऊन येतात, मी तापलेलं डोकं घेऊन येते. नवरा बँकेत, त्याच्या बदलीमुळे आम्ही डमडमला आलो. तो म्हणतो, "तू बोलूच नकोस ना!" का नाही बोलायचं?

*

पहिला किस्सा हळदीकुंकवाचाच. कुलकर्णीवहिनींनी तिळगूळ हातावर ठेवला आणि विचारलं, "माणूस माकडापासून झाला म्हणता, मग आताची माकडं माणसं का होत नाहीत?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर तोंडपाठ आहे. "वहिनी, आताची माकडं आपले आजोबा नाहीत, चुलत भावंडं आहेत. तुम्ही काय तुमच्या चुलतभावापासून जन्मलात? फार फार मागचे आजोबा एक, एवढंच."

वहिनींचा चेहरा पडला. "चुलतभावांचं नाव काढू नका हो. जमिनीवरून कोर्टात केस चालू आहे!"

*

रविवारी मी मंडळाच्या मुलांना विज्ञान शिकवते. एकदा त्यांना खरी हाडं दाखवायची होती. आमचं घर शाकाहारी, म्हणून शेजारच्या बंगाली सुमित्रादींकडे कोंबडीच्या पंखाची हाडं मागितली. त्या थक्कच झाल्या. "तोमरा तो निरामिष! हड्डी लेकर क्या करोगी?"

हाडं मी जुन्या पातेल्यात उकळली, घासली, वाळवली आणि पुठ्ठ्यावर चिकटवली. वर एक हाड, खाली दोन, मग मनगट, मग बोटं. आपला हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, सगळ्यांचा सांगाडा याच क्रमाचा. एकाच घराण्याचे नसते, तर पोहायला, उडायला आणि पोळ्या लाटायला एकच नकाशा कशाला लागला असता?

पुढच्या रविवारी मंडळात चर्चा काय, तर "जोशीबाई बाटल्या!" पुठ्ठ्याकडे एकानेही ढुंकून पाहिलं नाही.

*

आमच्यातला निखिल आयटीत आहे. मेट्रोत भेटला. म्हणाला, "मेघनाताई, माणसाची बॉडी म्हणजे परफेक्ट डिझाइन. आपोआप कसं होईल असं?"

मला त्याचं बोलणं नीट कळेना, कारण त्याचं तोंडच उघडत नव्हतं. गाल टम्म सुजलेला. अक्कलदाढ आडवी आली होती, ती कापून काढून आला होता! जबडे पिढ्यानपिढ्या आखूड होत गेले, दाढा मात्र जुन्याच हिशेबाने येत राहिल्या. मी म्हटलं, "तुझ्या परफेक्ट डिझाइनला आधी बर्फ लाव!"

*

यावर तरी हसता येतं. पण गणपतीतलं प्रकरण आठवलं की अजून माझं रक्त उकळतं.

मुलांच्या तक्त्यांचं प्रदर्शन होतं. नववीतल्या रेवाने 'आपले नातेवाईक' नावाचा तक्ता केला. ही मुलगी इथेच वाढलेली, मराठी बोलताना अडखळते, पण हट्टाने सगळं मराठीत लिहिलं. मोठं झाड, त्याच्या फांद्यांवर माणूस, चिंपांझी, गाय, कुत्रा, अगदी हिलसा मासासुद्धा. खाली आपल्या अंगावरचे पुरावे: माकडहाड, अक्कलदाढ आणि कानाचे स्नायू. गाय-कुत्रा ज्या स्नायूंनी कान वळवतात ते आपल्यालाही वारशात मिळालेत, फक्त बहुतेकांना आता वापरता येत नाहीत, असं तिने कानाचं चित्र काढून लिहिलं होतं.

आरतीआधी मंडळाचे अध्यक्ष देसाईकाका आले. तक्ता वाचला. स्वतःच्या हाताने उतरवला.

"आमचे पूर्वज जनावरं होते, हे गणपतीपुढे लावायचं?"

"काका, गणपतीपुढेच तर लावायचं! एका देहात माणूस आणि हत्ती, त्याला कसं वाईट वाटेल?"

"वाद नकोत. आमच्या घराण्यात असले प्राणी नाहीत."

त्या जागी 'पाणी वाचवा' लागलं. रेवाने तक्त्याची गुंडाळी उचलली आणि मला विचारलं, "काकू, मी काय गलत लिहिला?"

एकही अक्षर चुकीचं नव्हतं! मी तसं सांगितलं, पण तिने मान वर केली नाही. त्यानंतर रविवारच्या वर्गालाही ती यायची थांबली. एवढ्या कष्टाने मराठीत लिहिणाऱ्या मुलीला मंडळाने हे बक्षीस दिलं.

*

हिवाळ्यात मंडळाची पिकनिक बराकपूरला नदीकाठी गेली. आईवडिलांनी रेवाला ओढून आणलं होतं. जेवणं झाली, मुलं कंटाळली, तेव्हा देसाईकाका उठले. "चला, एक गंमत दाखवतो. माझ्या तोंडाकडे बघा!"

सगळी पोरं गोळा झाली. काकांनी टोपी काढली, चेहरा स्थिर ठेवला आणि दोन्ही कान हलवले. वर, खाली, पुन्हा वर! पोरं किंचाळली. पुऱ्यांवर डोळा ठेवून बसलेल्या कुत्र्याने त्या आवाजासरशी कान टवकारले.

रेवा मागून पुढे आली. कितीतरी दिवसांनी तिचे डोळे चमकत होते. "काका, हे तुम्ही कुठे शिकले?"

काकांची छाती फुगली. "हे शिकून येत नाही, बाळ! खानदानी आहे. वडिलांना यायचं, आजोबांना यायचं. पूर्वजांकडून आलंय!"

रेवाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कुत्र्याकडे पाहिलं.

"किती मागचे पूर्वज, काका?"

"अगं, खूप खूप मागचे!" काका म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा कान हलवून दाखवले.