धोंड्याच्या महिन्यातले चार टायर

"टायर सोडून काय वाट्टेल ते बिघडलंय असं सांगा, मॅडम."

गाडी अजून रॅम्पवर चढलीही नव्हती आणि अनिकेत माझ्या कानाशी येऊन हे म्हणाला. यवतमाळात टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान चालवून मला वीसेक वर्षं झाली. बहुतेक गिऱ्हाइकं टायरला शिव्या देत येतात आणि खोट दुसरीकडेच निघते. टायरची बाजू घेऊन आलेला हा पहिलाच.

गाडी लाल, छोटी, दोन सीटची, आणि हलकी, वजन जेमतेम टनभर. स्पोर्ट्‌स कार म्हटलं की लोकांना मोठं इंजिन आठवतं. हिचं इंजिन लहानच आहे. हिची गंमत वळणात आहे. ती अनिकेतची नव्हती, त्याच्या बायकोची, रसिकाची होती. लग्नाआधी नागपुरात नोकरी करताना तिने हप्त्यांवर सेकंडहँड घेतलेली. रसिका त्या वेळी ऑटोक्रॉसमध्ये उतरायची. म्हणजे मोकळ्या मैदानावर केशरी कोन मांडतात आणि त्यांतून एकेकाने घड्याळ लावून गाडी काढायची. कोन पडला की तुमच्या वेळेत सेकंद वाढतात. तिचे कोन सहसा पडत नसत.

आता पडत होते. मधली तीन वर्षं मुलगा झाला म्हणून सुटली. यंदा दसऱ्यानंतरच्या स्पर्धेत तिने नाव दिलं होतं, आणि सरावात एकही फेरी धड होत नव्हती. महालक्ष्म्यांच्या जेवणाला दोघं राळेगावला माहेरी आले होते. तिथून गाडी माझ्याकडे.

"स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी विचार करते आणि मग वळते," रसिका म्हणाली. ट्रकांनी रस्त्यावर पाडलेल्या चाकोरीत ती आपोआप ओढली जाते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून खर्र आवाज येतो, हेही तिने सांगितलं. चांगलं सांगितलं. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना 'गाडी कशीतरीच करते' यापलीकडे सांगता येत नाही.

माझा फिटर सलीमभाई एकदा गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "बच्चे को बाप का जूता पहना दिया, मॅडम."

मी खाली वाकून पाहिलं. कंपनीने या गाडीला १९५ चा टायर दिलेला. चारही चाकांवर होते २२५ चे. आणि एका टायरच्या बाजूला हळदीकुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

हळदीकुंकू पाहिल्यावर मी अनिकेतला बाजूला घेतलं. तेव्हा त्याने सांगितलं ते असं. या वर्षी अधिक महिना आला, म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला बोलवायचं आणि जाळीची, भोकाची वस्तू वाण द्यायची. अनारसे, बत्तासे, ऐपत असली तर चांदीचं काहीतरी. त्याचे सासरे नामदेवराव राळेगावकडचे मोठे शेतकरी, कापूस-सोयाबीन, दारात दोन ट्रॅक्टर. त्यांना वाटलं, अनारसे सगळेच देतात. टायरलाही भोक असतंच, आणि लेकीची गाडी ती जावयाचीच. ते नागपूरला एका मोठ्या दुकानात गेले आणि त्यांनी या गाडीला बसणारा सगळ्यात रुंद टायर मागितला. दुकानदाराने दिला. जेवण झाल्यावर अंगणात चारही टायरची पूजा झाली, जावयाला टिळा लागला, फोटो निघाले.

"आता मामाजींना काय सांगू? तुमचं वाण बसत नाही?"

"तुम्हाला माहीत होतं खोट टायरचीच आहे?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"आणि रसिकाला?"

"नाही. एवढे रुंद, महाग टायर वाईट असतील असं तिला वाटतच नाही," तो म्हणाला. तिला न सांगण्याने काय होतंय हे मला अजून नीट समजलं नव्हतं. ते रसिकाने समजावलं, तिच्या नकळत. ती मुलाला मांडीवर घेऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली होती. मी पाण्याची बाटली द्यायला गेले तर म्हणाली, "मॅडम, अलाइनमेंट बरोबर निघाली तर बरंच होईल. प्रश्न मिटेल. म्हणजे माझाच हात गेला." अमरावतीचा एक जण गणपतीनंतर गाडी विकत घ्यायची म्हणून पाहायला येणार होता. दोन सीटची गाडी, घरात माणसं तीन. ठेवायला काही कारण हवं, आणि ते कारण तिला सापडत नव्हतं. वडीलही म्हणाले होते की लेकराची माय झाल्यावर हात जड होतोच.

मी परत अनिकेतकडे गेले. "तुमच्या सभ्यपणाचा भुर्दंड ती भरतेय," म्हटलं. "उद्या सासऱ्यांना घेऊन या."

"काय सांगून?"

"जावयाची गाडी बिघडली म्हणा. धावत येतील."

इथे जरा टायरचं सांगते, कारण रुंद तेवढा चांगला ही समजूत एकट्या नामदेवरावांची नाही. १९५/५० आर १५ असं टायरवर लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यात. शेवटचा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा व्यास, इंचात. उंची टक्क्यात असल्यामुळे नुसती रुंदी वाढवली तरी टायर उंचही होतो. म्हणून तो आतल्या पत्र्याला घासत होता. तो खर्र आवाज तिथला.

दुसरी गोष्ट रिमची. या गाडीचा रिम सहा इंच रुंद. त्यावर २२५ बसतो, पण अरुंद खाटेवर रुंद गादी टाकावी तसा. कडेला बसलं की गादी झुकते. वळताना टायरची भिंत तशीच आधी झुकते, आणि ती झुकून झाल्यावर गाडी वळते. रसिका म्हणत होती तो 'विचार' हाच. माणूस तेवढ्यात कोन पाडून बसतो.

आणि रुंद टायर जमिनीला जास्त टेकतो, हे वाटतं तेवढं खरं नाही. कणकेचा गोळा तेवढाच असेल तर पोळी लांब लाटा की रुंद, ती तेवढीच. गाडीचं वजन आणि टायरमधली हवा तीच, तर टेकणारी जागाही साधारण तेवढीच. फक्त लांबट होती ती आडवी होते. जड आणि ताकदीच्या गाडीला, रुंद रिमवर, त्या आडव्या पोळीचा फायदा होतो. टनभराच्या गाडीला नुसतं ओझं होतं.

हे सगळं मी नामदेवरावांना सांगणार नव्हते. सांगून टायर कोणाला पटत नाही.

ते दुसऱ्या दिवशी आले, पांढऱ्या कपड्यांत, बरोबर काकू, म्हणजे रसिकाची आई. आल्या आल्या त्यांनी टायरवरून हात फिरवला. "पाहा ताई, गाडी कशी रुबाबात उभी आहे. जावईबापूले म्या म्हटलं, बारकं काही आपल्या घरून जाणार नाई."

मी त्यांना एमआयडीसीत घेऊन गेले. तिथे माझ्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याचा मोकळा डांबरी प्लॉट आहे. सलीमभाईने ऑइलचे रिकामे डबे नागमोडी मांडून ठेवले होते. नामदेवरावांना म्हटलं, तुम्ही शेजारी बसा. लहान गाडीत ते दोन घड्या घालून बसले. नातू काकूंच्या कडेवर.

रसिकाने गाडी काढली. सरळ भागात छान गेली. तिसऱ्या डब्याशी तिने वळवली, गाडी क्षणभर सरळच राहिली आणि मग एकदम वळली. डबा गडगडला. पुढे आणखी तीन. गाडी परत आली तेव्हा नातू टाळ्या वाजवत होता. त्याला डबे पडण्याचाच खेळ वाटला.

नामदेवराव बाहेर आले. "मी तेच म्हणून राह्यलो. पोट्टीची सवय मोडली. आता कायले त्या स्पर्धेच्या नादी लागते?"

रसिका स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिली. अनिकेतने घसा साफ केला, आणि बूट पाहायला लागला.

"नामदेवराव," मी विचारलं, "पऱ्हाटीत डवरणी करता तेव्हा ट्रॅक्टरला मागे कोणते टायर लावता?"

"बारके. रुंद टायर तासातून गेलं तर झाडं राह्यतीन का?"

"आणि नांगरटीला?"

"तवा रुंद."

"ट्रॅक्टर तोच ना?"

"तोच. पण काम दुसरं आहे ना ताई," ते म्हणाले, आणि पुढे काही म्हणणार तेवढ्यात त्यांची नजर पडलेल्या डब्यांवर गेली.

उदाहरण शंभर टक्के बरोबर नव्हतं. डवरणीत, म्हणजे कपाशीच्या ओळींतलं तण काढताना, बारका टायर झाडाला जागा सोडतो. इथे हाताचं ऐकणारा टायर हवा होता. पण दुकानात बसून मी एक शिकले आहे, की माणसाला त्याच्या शेतातून नेलं तर तो लवकर पोचतो.

"मंग हे टायर खराब आहे म्हणता?"

"उत्तम आहेत. गाडी चुकली."

"जावईबापूले ठाऊक होतं?"

आता अनिकेतला बूट पाहून चालण्यासारखं नव्हतं. "होतं, मामाजी," तो म्हणाला. "रसिकाचा हात ठीक आहे. मीच बोललो नाही."

रसिकाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करत नाही. त्या रात्री अनिकेतला जेवण मिळालं, एवढं मला काकूंकडून कळलं.

दुकानात परतलो तशी खरी घासाघीस सुरू झाली. कंपनीचं माप किती? १९५, मी म्हटलं. नामदेवरावांचा चेहरा पडला. "होतं तेवढंच द्यायचं, तर वाण कायचं झालं? आणि दिलेलं वाण माघारी घेता येत नाई."

यावर काकू प्रथमच बोलल्या. "माघारी कोन घेऊन राह्यलं? वाण जावयाचं झालं. ते घालतीन, नाईतर माळ्यावर ठेवतीन. तुमाले काय करायचं?"

एक प्रश्न मिटला. राहिली रुंदी. मला विचाराल तर मी १९५ च लावले असते. ही गाडी पावसात राळेगावच्या रस्त्यानेही येते, आणि साचलेलं पाणी अरुंद टायर जास्त चांगलं कापतो. पण सहा इंचाच्या रिमवर २०५ सुद्धा नीट बसतो. गादी खाटेबाहेर जात नाही. कोरड्या मैदानावर पकडही किंचित वाढते. मी नामदेवरावांना म्हटलं, "एक पायरी वर जाता येईल. २०५."

"दहानं वाढलं ना?"

"वाढलं."

"मंग लावा."

त्या दहा मिलिमीटरमध्ये त्यांची अब्रू मावत होती आणि गाडीचं काही बिघडत नव्हतं. असा सौदा माझ्या धंद्यात रोज मिळत नाही.

सलीमभाईने टायर बदलले, मी अलाइनमेंट केली. नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो म्हणून रसिकाला आधी बायपासवर सावकाश फिरून यायला लावलं. मग पुन्हा तो प्लॉट, तेच डबे. नामदेवराव पुन्हा घडी घालून बसले. या वेळी मी डब्यांकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त पाहत होते. पहिल्या वळणाला त्यांनी दाराचं हँडल धरलं. दुसऱ्याला दोन्ही हातांनी. तिसरा डबा उभाच राहिला, मग चौथा, मग सगळे. नातू रडायला लागला, कारण काहीच पडलं नव्हतं.

गाडी थांबली. नामदेवरावांना बाहेर यायला थोडा वेळ लागला. कपाळ पुसून ते लेकीला म्हणाले, "हात जड नाई तुहा. टायर जड होतं." आणि माझ्याकडे वळून, हळू आवाजात: "अशीच हाकते का वं ही नेहमी?"

"याहून जोरात."

"मंग ते रुंदच बरे होते, ताई."

स्पर्धेत रसिका तिच्या गटात चौथी आली. कोन एकही पडला नाही. पहिल्या तिघी तिच्यापेक्षा वेगात होत्या, एवढंच, आणि त्यावर ती पुढच्या वर्षी काम करणार आहे. अमरावतीच्या माणसाला गाडी विकायची नाही म्हणून कळवलं. घरात माणसं तीन आणि सीटा दोन हा प्रश्न मात्र टायर बदलून सुटत नाही. दिवाळीला रसिका गाडी घेऊन राळेगावला आली आणि जावईबापू लेकराला घेऊन मागून एसटीने आले.

त्या वाणाच्या टायरांचं काय झालं, हे मला कापूस वेचणीच्या वेळी समजलं. नामदेवराव दुकानात आले, जुन्या जीपचे दोन रुंद रिम शोधून द्या म्हणाले. अनिकेतने पाडव्याला चारातले दोन टायर सासऱ्यांना भेट दिले होते. जावयाने सासऱ्याला ओवाळणी घातल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. रिम मिळाले, टायर बसले, आणि आता त्यांच्या टायरच्या बैलगाडीला ते लावलेले आहेत. शेतातल्या ओल्या काळ्या मातीत रुंद टायर कमी रुततो. कापसाची गाडी बांधावरून सहज निघते. मापाने शेवटी आपलं काम शोधलं.

त्या टायरवर ताशी दोनशे चाळीस किलोमीटरचा शिक्का आहे. तेवढ्या वेगापर्यंत तो सुरक्षित, असा त्याचा अर्थ. नामदेवराव तो शिक्का येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. बैलांना त्याबद्दल कोणी सांगितलेलं नाही.

मागे हवा भरायला आले तेव्हा जाता जाता विचारत होते, "ताई, पुढच्या धोंड्याले जावईबापूले काय द्यावं?"

"अनारसे," मी म्हटलं. "कोणत्याही मापाच्या जावयाला बसतात."