गमबुटांना पाडलेली भोकं

प्लेगच्या साथीत सुरतेतून पळालेल्यांत मीही होतो. धुळ्याकडच्या गावी महिनाभर राहून परत आलो, तर लूमच्या कारखान्यात माझ्या जागी दुसराच उभा. मग कचरा उचलण्याच्या ठेक्यावर लागलो. गावी मात्र लूमवरच आहे असं सांगत राहिलो. लाज वाटायची, दुसरं काय!

साथीनंतर शहर स्वच्छ करायचं साऱ्यांनीच मनावर घेतलं होतं, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. आमची अठरा जणांची टोळी गोडादऱ्याच्या बाजूला खाडीकाठचे ढीग उपसायची. दोघांत एक लारी, म्हणजे हातगाडी. माझा जोडीदार नंदुरबारकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, अबोल पण मायाळू. त्याने पंजाने, म्हणजे लोखंडी दाताळ्याने ओढायचं, मी घमेल्यात भरून लारीत टाकायचं. मेलेल्या घुशी, दवाखान्यातल्या पट्ट्या, फुटक्या बाटल्या, सगळं त्यातच.

दुसऱ्या पावसाळ्यात ठेकेदाराने गमबूट दिले. रजिस्टरवर अंगठा घेतला आणि मुकादमाने बजावलं, बूट खराब केले तर कामावरून कमी. आम्ही खूश. पण खाडीकाठी पाणी कधी घोट्याला, तर कधी पार गुडघ्याच्या वर. बूट गुडघ्याच्या खाली. पाणी एकदा वरून आत शिरलं की बाहेर पडायला वाटच नाही. दिवसभर पायांत दोन भरलेल्या कळशा घालून चालल्यासारखं व्हायचं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. बूट काढून ठेवले की मुकादम ओरडायचा.

डोकं माझंच चाललं. लूमवर असताना बारीकसारीक दुरुस्तीची सवय लागलेली. स्टोव्हवर सळई तापवली आणि टाचेच्या बाजूला, तळाच्या जरा वर, दोन-दोन भोकं पाडली. पाय उचलला की पाणी झर्रकन बाहेर. आठवडाभरात सगळ्या टोळीने आपापले बूट माझ्यापुढे आणून ठेवले. एका रविवारी मी सगळे उरकले. लोक मला इंजिनियर म्हणू लागले. खोटं कशाला सांगू, मी फुशारलो होतो.

आता घोटाभर पाण्यात उभं राहिलं तरी ते पाणी थेट आत येत होतं. पूर्वी निदान तेवढं तरी बाहेर राहायचं. एवढी साधी गोष्ट अठरा जणांत एकाच्याही ध्यानात आली नाही. इंजिनियरच्या तर नाहीच नाही.

जोडीदाराच्या टाचेला पत्रा लागला होता. जखमेवर हळद दाबून तो कामावर येत राहिला. दहाबारा दिवसांनी त्याला ताप भरला. पोटऱ्या इतक्या दुखत की हात लावू देईना. डोळे लालभडक. त्याची बायको, म्हणजे वहिनी, आणि मी त्याला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर गुजराती, वयस्कर, भला माणूस. कचऱ्याचं काम करतो हे ऐकल्यावर त्यांनी उंदराच्या मुताने होणाऱ्या तापाचं नाव काढलं. तसलं पाणी जखमेला लागलं की होतो, म्हणाले. मग विचारलं, "पाणीमां बूट पहेर्या हता?"

जोडीदाराने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हा साहेब, रोज." मीही मान डोलावली. म्हणजे जखमेला पाणी लागलं नसणार, असं धरून डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या, उतार पडला नाही तर लगेच आणा म्हणाले.

पुढचे दोन दिवस मी संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाऊन बसलो. वहिनी चहा करून देत, मी पीत असे. बुटांचं ओठांवर यायचं आणि मी गिळून टाकायचो. बोललो असतो तर मुकादमाने बूट तपासले असते, आणि सळई कुणाची हे कळायला त्याला कितीसा वेळ लागला असता? एकदा काम गेलं होतं. पुन्हा जाईल याची मला भीती वाटत होती. तो तापाने कण्हत होता आणि मी माझ्या कामाचा विचार करत होतो. याची मला आजही शरम वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे पिवळे झालेले दिसले. लघवी होत नव्हती. मी धावत डॉक्टरांकडे गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. असे बूट आणखी किती जणांचे, एवढंच विचारलं. मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली आणि सगळ्या टोळीला तपासायला पाठव म्हणाले. आणखी दोघांना तोच ताप निघाला. त्यांना औषध वेळेवर मिळालं, ते वाचले. जोडीदार मात्र इस्पितळात चौथ्या दिवशी वारला. मुकादमाने सगळ्यांसाठी नवे बूट मागवले. कामावरून त्याने कुणालाच कमी केलं नाही.

तेराव्यानंतर मी वहिनींसमोर जाऊन बसलो आणि कबूल केलं. भोकं मी पाडली, डॉक्टरांसमोर गप्पही मीच बसलो. काय बोलायचं ते बोला, म्हटलं.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"माले माहीत व्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यास्नीच माले सांगेल व्हतं, डॉक्टरले बूटनं काही बोलू नको, नहीतर तुमनं काम जाई."