केस जरा बघा

माझ्या मेहुण्याला सगळे मीडियम म्हणतात. सलूनच्या खुर्चीत माणूस बसला की गळ्याभोवती कापड बांधता बांधता तो विचारतो, "बारीक की मीडियम?" उत्तर काहीही येवो, कापतो मीडियमच. तक्रार कुणाची नाही, कारण काम चोख. दोन्ही कल्ले एका रेषेत. मी आयुष्यभर बॉयलरचे पत्रे कापले आणि जोडले. रेष सरळ आहे की नाही, हे मला लांबून दिसतं. त्याची सरळ असते.

मेहुणा म्हणून अहो-जाहो लग्नाच्या दिवसापुरतं टिकलं. मी त्याला अरे म्हणतो, तो मला दादा.

त्याची खोड एकच. कुठे वाकडंतिकडं टोक दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. घरातल्या झाडूची टोकं तो कातरतो. पायपुसण्याच्या दशा सारख्या करतो. माझ्या मुलीच्या लग्नात, पाहुण्यांची रांग लागलेली असताना, त्याने खिशातून छोटी कात्री काढून माझ्या कानातले केस उडवले. फोटोत मी दचकलेला आलोय.

माझी धाकटी बहीण ही त्याची बायको. ती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात होती. कमरेएवढ्या पातेल्यांत अळणी जेवण शिजवण्यात तिची हयात गेली. तिथली मुकादमबाई तिला चिडवायची, "हिच्या हाताला चव नाही, पथ्य आहे!" सगळे हसायचे, धाकटीही हसायची. पण निवृत्त झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते गच्चीवर मका लावण्याचं.

"झाडावरून तोडायचं आणि तसंच विस्तवावर ठेवायचं," ती म्हणाली. "मुकादमबाईला खाऊ घालणार आहे. मग बघू काय बोलते ते."

रंगाचे रिकामे मोठे डबे मी आणले, बुडाला भोकं पाडली. माती मी आणि मीडियमने पोत्यांतून वर नेली. चार जिने, लिफ्ट नाही. खांद्यावर पोतं घेतलं की मध्ये थांबायचं नाही. थांबलं की ते दुप्पट जड होतं. हे मी त्याला तीनदा सांगितलं. तो प्रत्येक वळणावर थांबला.

मका डोक्याच्या वर गेला. शेंड्याला तुरे आले आणि धाकटीने मुकादमबाईसकट सगळ्या जुन्या मंडळींना महिन्याभरानंतरच्या रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं. पुढच्या आठवड्यात कणसांच्या तोंडाशी केस दिसू लागले. फिकट हिरवे, रेशमासारखे, चारी बाजूंना लोंबणारे. बियाणंवाल्याने तिला समजावलं होतं की आतल्या एकेका दाण्याचा एकेक केस बाहेर येतो. तुऱ्यातली पिवळी भुकटी त्या केसावर पडली तर दाणा भरतो, नाही पडली तर ती जागा रिकामी. हे तिने मला सांगितलं. नवऱ्याला सांगायचं राहिलं.

नेमका तेव्हाच नातीला ताप आला आणि धाकटीला मुलीकडे जावं लागलं. निघताना पायात चपला घालत ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मक्याला पाणी घाला. आणि केस जरा बघा."

आता सलूनमध्ये याचा अर्थ एकच. गिऱ्हाईक खुर्चीत टेकतं, आरशात बघतं आणि म्हणतं, "जरा बघा." मग कात्री चालते.

ती परतली तेव्हा मी तिच्या घरी मीडियमबरोबर चहाला बसलो होतो. पिशवी ठेवून ती थेट वर गेली. मग अशी हाक आली की माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

"अहोऽऽ!"

आम्ही दोघे धावलो. प्रत्येक कणसाचे केस बोटभर ठेवून कापलेले होते. सगळे सारखे. एकही लांब नाही, एकही आखूड नाही. रांगेत उभ्या असलेल्या शाळेच्या मुलांसारखी दिसत होती ती कणसं.

"हे काय केलंत?"

"बघा म्हणालीस ना?" मीडियम म्हणाला. "किती अस्ताव्यस्त झाले होते. आता बघ कसे दिसतायत."

"बघा म्हणजे बघा! डोळ्यांनी!"

"मग तसं सांगायचं."

"डोळ्यांनी बघा असं सांगायचं? माणसं दुसरं कशाने बघतात?"

मी मध्ये पडून केसांचा आणि दाण्यांचा हिशेब त्याला सांगितला. त्याचा चेहरा उतरला. त्याने एका कणसाचे केस दोन बोटांत धरले, जणू परत चिकटवता येतील.

"आमंत्रण मागे घेऊ," तो हळूच म्हणाला.

"मुळीच नाही," धाकटी म्हणाली. "येतील सगळे. बोडकी कणसं निघाली तर बोडकी भाजीन. आणि तुम्ही यापुढे माझ्या झाडांना हात लावायचा नाही."

ती खाली गेली. मीडियम दुकानात न जाता बियाणंवाल्याकडे धावला, मीही मागोमाग. बियाणंवाला पोट धरून हसला. मग म्हणाला, "मुळापासून उपटले नाहीत ना? मग वाढतील, एका रात्रीत वाढतात. पण भुकटी थोडेच दिवस पडते. हाताने लावा. सकाळी दव वाळलं की लगेच."

परवानगी मागायला मीडियमने मला पुढे केलं.

"लावू दे," धाकटी भाजी चिरत म्हणाली. "आता बिघडवायला उरलंय काय?"

दुसऱ्या सकाळी गच्चीवर गेलो आणि मी ओरडलोच. केस खरंच वाढले होते! करंगळीच्या पेराएवढे, ताजे, चिकट, ब्रशसारखे सरळ उभे. मीडियमने सलूनमधला मान झाडायचा मऊ ब्रश आणला होता, पावडर धुऊन वाळवलेला. मी तुरा वाकवून झटकायचो, तो खाली कागद धरायचा. कागदावर पिवळी भुकटी जमायची. ती ब्रशवर घेऊन तो एकेका कणसाला लावायचा. वरून, मग डावीकडून, मग उजवीकडून, मग मान वाकडी करून मागून. मी घाई केली तर म्हणायचा, "दादा, मागची बाजू गिऱ्हाईकाला दिसत नाही, पण जग तीच बघतं."

मी बरीच माणसं कामावर पाहिली आहेत. लागोपाठ आठ सकाळी तेच काम तितक्याच बारकाईने करणारी थोडी. तिकडे त्याचं दुकान उशिरा उघडत होतं आणि अर्धवट वाढलेल्या दाढ्या बंद दारासमोर शिव्या घालत होत्या.

मग केस तपकिरी पडले, वाळले. पुढे फक्त वाट बघणं. कणसं दाबून बघायची धाकटीने सगळ्यांना बंदी केली होती. ती स्वतःही दाबत नव्हती. तिला भीती वाटत होती, हे मला कळत होतं. मी एकदा चोरून एक दाबलं. भरल्यासारखं वाटलं. पण वरची पानं जाड, खात्री नाही.

रविवार आला. अर्ध्या पिंपाची शेगडी मी आदल्या दिवशीच जोडून ठेवली होती, वर जाड सळ्यांची जाळी. कोळसे पेटवले. काळा कोळसा असताना कणीस ठेवायचं नाही. त्यावर पांढरी राख धरली की ठेवायचं. लोक चुकतात ते इथे. मुकादमबाई आणि आणखी सहाजणी गच्चीवर आल्या आणि कलकलाट सुरू झाला.

धाकटीने सगळ्यांसमोर कणसं तोडली. पानांसकट बादलीत बुडवली, तशीच जाळीवर मांडली.

"सोलून नाही भाजत?" मुकादमबाईने विचारलं.

"आधी पानांत शिजू दे. मग सोलायचं आणि रंग आणायचा."

"आत आहे ना काही, की इथेही पथ्यच?"

सगळ्या हसल्या. धाकटी हसली नाही. मीडियम टाकीला टेकून उभा होता, खिशातली कात्री उघडत आणि मिटत. ओल्या पानांतून वाफ फुसफुसत होती. मी चिमट्याने एकेक फिरवत होतो. पानं काळी पडली, कडा पेटल्या आणि एकदम तो गोड वास सुटला. बोडक्या दांड्याला असा वास येत नाही.

धाकटीने पहिलं कणीस फडक्यात धरून मुकादमबाईच्या हातात दिलं. "सोला."

मुकादमबाईने जळकं पान ओढलं. मग दुसरं. हात भाजला म्हणून "आई गं" म्हणाली. तिसरं ओढलं आणि थांबली.

"अगं बाई!"

दाणेच दाणे! बुडापासून टोकापर्यंत रांगा, एकही जागा रिकामी नाही. पिवळे, टच्च, एकमेकांना खेटून. धाकटीने दुसरं सोललं, भरलेलं. तिसरं, भरलेलं. "हेही! हेही बघा!" ती ओरडत होती, बोटं भाजत होती, फुंकत होती. मी सोललेली परत जाळीवर टाकली आणि दाणे तडतडायला लागले. मीडियम तसाच उभा. प्रत्येक कणसाला तो मान हलवत होता.

मग तिच्या हाताला एक वेगळं लागलं. सोललं तर चार दाणे, मग मोकळी जागा, मग दोन दाणे. दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं.

"हे कुठलं?"

"टाकीमागच्या डब्यातलं," मीडियम घसा खाकरून म्हणाला. "ते मला दिसलंच नव्हतं. कापलंही नाही, ब्रशही लावला नाही."

धाकटीने ते फिरवून फिरवून पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग अशी हसायला लागली की तिला खाली बसावं लागलं. हसता हसता तिने जाळीवरचं सगळ्यात भरलेलं, खरपूस डाग पडलेलं कणीस उचललं, मीठ चोळलं आणि त्याच्या हातात दिलं.

"कडेच्या डब्यांत दुसरा मका लावलाय," ती डोळे पुसत म्हणाली. "त्याला केस येतील तेव्हा कुठे जाऊ नका."

त्याचं तोंड भरलं होतं आणि ओठ भाजले होते. त्याने जोरात मान हलवली.

"अहो दादा," मुकादमबाई ओरडली, "गप्पा काय ऐकताय? दुसरं टाका ना!" तिच्या हनुवटीला दाणा चिकटला होता आणि हातातल्या कणसाचा दांडा साफ झाला होता.

मी कोळसे पुढे ओढले. अजून पाच कणसं उरली होती आणि पाहुण्या सात.