नवऱ्याचा हलगर्जीपणा

परदेशीपुऱ्यातली आमची मिल बंद झाली तेव्हा मी सायझिंग खात्यात, सुताला खळ लावायच्या कामावर होतो. बाकीचे आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत गेटवर बसून राहिले. मी आठव्या दिवशी उठलो आणि पोलोग्राउंडला जुन्या मशिनरीच्या एका दुकानात जाऊन उभा राहिलो. मालक म्हणाला, "काय येतं?" मी म्हणालो, "भांडता येतं." त्याने ठेवून घेतलं. तीन वर्षांत त्याच रस्त्यावर माझं स्वतःचं दुकान होतं. कुणाच्या बापाची मदत नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या वर्षांत इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडत होत्या आणि त्यांचं सामान लॉटमध्ये विकलं जात होतं. चांगल्या दहा मोटारी हव्या असतील तर त्यांच्याबरोबर गंजक्या कप्प्या, दात तुटलेले गिअर, असलं काहीबाही गळ्यात मारत. लॉट मोठा दिसावा म्हणून घातलेला हा माल ओळखून बाजूला काढायचा, ही माझी विद्या. लहानसा, रंग उडालेला, कुणी ज्याच्याविषयी बोलत नाही तो नग बहुतेक फालतू असतो. बाजारात माझा हा अंदाज क्वचितच चुकला.

माझ्या बायकोचा आजार मिल बंद व्हायच्या आधीचा. भिंतीपलीकडे लोक आपल्याबद्दल बोलतात असं तिला ऐकू येई. पलीकडे कोळशाचं बंद गोदाम होतं. मी तिला हाताला धरून ते गोदाम दाखवून आणलं, तर म्हणाली, "तुम्ही आलात म्हणून गप्प झाले." आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि मी. मिल चालू होती तोवर विम्याच्या दवाखान्यातून औषध मिळायचं. मिल गेली तसं विम्याचं कार्डही गेलं आणि आम्ही सरकारी इस्पितळाच्या लाइनीत आलो.

तिथली पद्धत अशी. सकाळी चिठ्ठी काढायची, दुपारी नंबर लागायचा. आत गेलं की डॉक्टर तिला दोन प्रश्न विचारत, "नींद आती है? आवाज़ें कम हैं?" मी तोंड उघडलं की म्हणत, "आप बाहर बैठिए." चिठ्ठी घेऊन खिडकीवर गेलं की कंपाउंडर पुड्या सरकवी. दोन मोठ्या गुलाबी गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. एक लहान पांढरी. कशाची कोणती, किती दिवस, काही नाही.

मी एकदा खिडकीत डोकं घालून विचारलं, "भिया, ही पांढरी कशाची?"

"लिखी है तो खिलाओ."

"आणि नाही खिलाई तर?"

"सब्ज़ी मंडी समझे हो क्या? पीछे वाले को आने दो."

मागच्यांना येऊ दिलं. पण माणूस जिथे सांगत नाही तिथे मी माझ्या अकलेने चालतो. लहान, पांढरी, विचारलं तर कुणी बोलायला तयार नाही. मी ठरवलं, ही लॉट फुगवायला घातलेली आहे. गोळ्या मीच काढून देत असे. पांढरी द्यायची बंद केली. तिला सांगितलं नाही.

आठवड्यात तिचे हात थरथरायला लागले. पोळी लाटताना लाटणं खडखड वाजे. बशीतला चहा साडीवर सांडे. मी म्हटलं, गुलाबीचा डोस जड झाला. दोनाची एक केली. थरथर कमी झाली. तिच्या चेहऱ्यावरची झापड उतरली, ती शेजारणीशी बोलायला लागली, एकदा तर मी दुकानातून आलो तेव्हा गुणगुणत होती. मी इतका खूश झालो की काय सांगू. डॉक्टरांना जमलं नाही ते आपण केलं, अशी माझी छाती फुगली. चार महिने मी त्या फुगलेल्या छातीने हिंडलो.

मग ती पुन्हा भिंतीला कान लावून बसायला लागली. जेवण सोडलं. मी एक दिवस दुकान बंद ठेवलं, दोन दिवस ठेवलं, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला मोटार द्यायची होती म्हणून दोन तासांसाठी गेलो. परत आलो तर दार उघडं. भर दुपारी परदेशीपुरा पिंजून काढला. ती सापडली छत्रीबागेत, खान नदीच्या काठावर, चपला हातात धरून बसलेली. हार विकणाऱ्या एका बाईने तिला सावलीत बसवून पाणी पाजलं होतं. ती बाई मला म्हणाली, "तुम्हारी है? अकेली कायको छोड़ी?" मला तिचा राग आला. आभार मानायचे राहिले. दुसऱ्या दिवशी हार घ्यायला म्हणून गेलो आणि मानले.

बायकोला इस्पितळात दाखल केलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या किती दिल्या? मी खोटं बोलू शकलो असतो. धंद्यात बोलतोच. तिथे मात्र खरं ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता केस-पेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. मला इंग्रजी मोडकंतोडकं वाचता येतं. 'हजबंड नेग्लिजंट.' म्हणजे नवऱ्याचा हलगर्जीपणा.

सात वर्षं तिला न्हाऊ घातलं, तिची वेणी घातली, तिला ऐकू येणाऱ्या लोकांशी तिच्या वतीने भांडलो. सणावाराला कुणाकडे गेलो नाही, कारण लोक तिच्याकडे बघत. त्या सात वर्षांची एक ओळ कुठल्या कागदावर नाही. आणि ही ओळ दोन सेकंदांत.

तीन आठवड्यांनी ती सावरली. घरी सोडायची वेळ आली तेव्हा देवासहून तिचे थोरले भाऊ आले. जुन्या संस्थानी घराण्यातले. घराण्याचं आता काही उरलं नव्हतं, पण बोलणं दरबारी, धाकट्या बहिणीलाही ताई म्हणत. ते कचेरीत कारकून होते, त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं. केस-पेपर त्यांनी वाचला.

"जावईबापू," ते म्हणाले, "आता ताईला आम्ही नेतो. इथे तिचे हाल झाले."

"हाल? सात वर्षांत तुम्ही किती वेळा आलात, दादा?"

"तो प्रश्न नाही. डॉक्टरांनी स्वतः लिहिलंय."

देवासचं घर मला माहीत होतं. आजार नवा असताना ती माहेरी एक महिना राहिली होती. घरात पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घालत. पुढे दादांच्या मुलींची लग्नं व्हायची होती, घरात असं माणूस आहे हे कळायला नको. मी आणायला गेलो तेव्हा कडी मीच काढली होती. आता ती तिकडे गेली तर ती कडी पुन्हा कोण काढणार? आणि डॉक्टर म्हणत होते, "जो ज़िम्मेदारी ले, उसको देंगे." जबाबदार कोण हे त्या एका ओळीने ठरवून टाकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत बसलो. डॉक्टर, दादा, मी, आणि फाइल धरून उभी असलेली वॉर्डातली वयस्क सिस्टर. डॉक्टरांनी सुरुवात केली, "देखिए, आपने दवा कम करके इनकी जान ख़तरे में डाली."

मी टेबलावर हात आपटला. काचेचा पेपरवेट खाली पडून घरंगळत दादांच्या बुटापर्यंत गेला.

"साहब, मैं पुरानी मोटर बेचता हूँ. पुरानी! ती विकताना पण गिऱ्हाइकाला सांगतो, इथे तेल घाल, इतकी तापली तर बंद कर, असा आवाज आला तर माझ्याकडे ये. आप डॉक्टर लोगों ने सात साल में मेरेकू क्या बताया? बाहर बैठो! एवढंच बताया. बाहर बैठनेवाले को अंदर की बात कैसे मालूम पड़ेगी?"

"चिल्लाइए मत."

"चिल्लाऊंगा. आप लिख दो, पति चिल्लाता है. लिखने में तो आप तेज़ हो."

सिस्टर हसली. तोंडावर फाइल धरून हसली, पण मी पाहिलं. मग ती डॉक्टरांना हळूच म्हणाली, "सर, पूछ तो रहे हैं. बता दीजिए."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. तो माणूस वाईट नव्हता. बाहेर लाइनीत दीडशे माणसं उभी असत आणि आत डॉक्टर एकटे, हे मलाही दिसत होतं. शेवटी म्हणाले, "पूछिए, क्या पूछना है."

मी विचारत गेलो. गुलाबी गोळी आवाज कमी करते. त्याच गोळीने हात थरथरतात, आणि ती थरथर थांबवायला पांढरी. मी फालतू म्हणून जी काढून टाकली होती ती तिच्या हातांसाठी होती. ती काढल्यामुळे हात थरथरले, आणि हात थरथरले म्हणून मी औषधच तोडलं. हे ऐकून माझ्या कानशिलात जाळ झाला. राग कुणावर काढावा कळेना. हे कळायला अर्धा तासही लागला नाही. हा अर्धा तास सात वर्षांपूर्वी मला का मिळाला नाही, हे मी आजही विचारतो.

मग मी म्हणालो, ती ओळ खोडा. डॉक्टर म्हणाले, लिहिलेलं खोडता येत नाही. मी म्हणालो, मग खाली लिहा की घरच्यांना काही समजावून सांगितलं गेलं नव्हतं. बरीच घासाघीस झाली. शेवटी त्यांनी लिहिलं, इतक्या बारीक अक्षरात की सिस्टरला चष्मा लावून वाचून दाखवावं लागलं. पुढे केस-पेपर नवा झाला की वरची ओळ उतरवली जाई, खालची कधीच नाही. दरवेळी मी भांडून ती घालून घेतली.

दादा म्हणाले, "ते ठीक आहे. पण ताई कुठे जाणार?"

तेव्हा सिस्टर म्हणाली, "उनको भी बुला लूँ? सब उन्हीं की बात कर रहे हैं."

खरं सांगतो, हे मलाही सुचलं नव्हतं.

ती आली. इस्पितळाच्या ढगळ कपड्यांत, पण केस नीट विंचरलेले. खुर्ची ओढून बसली. मी तिला पांढऱ्या गोळीचं सगळं सांगितलं. 

"म्हणजे माझे हात त्याने थरथरत होते?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं तुम्ही गोळी काढली आहे?"

"हो."

"अहो, मला वाटलं मी आणखी बिघडत चालले. लाटणं धरता येईना तेव्हा मी रडत होते, आठवतं? तुम्ही समोर चहा पीत होतात." ती डॉक्टरांकडे वळली. "इनको आपने नहीं बताया. इन्होंने मेरेकू नहीं बताया. दोनों एक जैसे हो."

 डॉक्टरांना मी धारेवर धरलं होतं. ती धार तिने माझ्याकडे वळवली.

"मी घरी जाईन," ती म्हणाली. "परदेशीपुऱ्याला. गोळ्या मी माझ्या हाताने घेईन, हे फक्त आठवण करतील. जास्त झोप आली, हात हलले, तर मी डॉक्टरांना सांगेन आणि हे पण आत बसतील." मग भावाकडे पाहिलं. "आणि दादा, महिन्यातले चार दिवस मी तुमच्याकडे येईन. माझं करून करून ह्यांची पाठ मोडली आहे. मागच्या खोलीत नाही राहणार. पुढच्या."

दादांनी घसा साफ केला. "ताई, तसं... मुलींच्या परीक्षा आहेत, जागेची जरा..."

"काल तर कायमची नेत होतात."

  दादांनी बुटाजवळचा पेपरवेट उचलून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ये. चार दिवस ये."

डिस्चार्जच्या कागदावर एक रकाना होता, रुग्ण कोणाच्या सुपूर्द. तिथे मी सही केली. तिने कागद ओढून घेतला.

"सुपूर्द म्हणजे? मी काय पार्सल आहे?"

कारकून म्हणाला, "मैडम, आपके साइन की ज़रूरत नहीं है. जगह भी नहीं है."

तिने माझ्या सहीच्या वर, समासात, पूर्ण नाव लिहिलं. हात किंचित हलत होता, पण अक्षर वाचता येत होतं.

टेम्पोत बसल्यावर बराच वेळ ती रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मी देवासला जाईन तेव्हा चार दिवस तुम्ही काय कराल?"

"झोपेन," मी म्हणालो.

ती हसली. मला वाटतं तिला ती थट्टा वाटली. पुढच्या महिन्यात दादा स्वतः तिला न्यायला आले. तिला त्यांच्यासोबत बसमध्ये बसवून मी घरी आलो, आतून दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपलो. उठलो तेव्हा शेजारीण दार वाजवत होती, भिया जिवंत आहे की नाही म्हणून.