खाज न सुटणारा माल

शेअर बाजार मी वणीत शिकले, एका इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, आणि पहिल्या दिवसापासून घाबरत शिकले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. दुकानदाराला सगळे चाचा म्हणत. पुढच्या बाजूला ते पंखे आणि पंप विकायचे आणि मागे दोन कॉम्प्युटरवर लोकांचे शेअर घेऊन-विकून द्यायचे. पहिली पाळी सुटली की कोळसा खाणीतले कामगार तिथं येऊन बसत. आकडे हिरवे झाले की चहा यायचा; लाल झाले की चहाचं कुणी नाव काढत नसे. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीशी घट्ट धरून बसायची.

पैसा माझा असता तर एवढी भीती वाटली नसती. तो मायचा होता, घाटंजीकडच्या आमच्या शेतातल्या कापसाचा. त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. मायनं संक्रांतीला अर्धा कापूस पडेल त्या भावात विकला आणि पैसे माझ्या हातात दिले. धाकट्या बहिणीला पावसाळ्यात नर्सिंगला घालायचं होतं, ती फी. "तू शिकलेली हायेस, तुह्याजवळ राहू दे," माय म्हणाली. फीला थोडे कमी पडत होते. तेवढे मी वाढवून देईन, असं मी माझ्या शिकलेल्या डोक्यानं ठरवलं. मायला विचारलं नाही. ती नाही म्हणाली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चाचांनी मात्र प्रामाणिकपणे शिकवलं. "मॅडम, घ्याच्या आधी विकाचा भाव लिहा. इतका खाली आला की विकून मोकळं व्हाचं. मंग रडाचं नाही." याला स्टॉपलॉस म्हणतात, हेही सांगितलं. मायचे सगळे पैसे मी एका कंपनीच्या शेअरमध्ये घातले आणि वहीच्या शेवटच्या पानावर विकायचा भाव लिहिला. पेन्सिलीनं लिहिला, तिथंच घात झाला. महिन्याभरात शेअर त्या भावापर्यंत घसरला, तेव्हा मी खोडरबर काढलं आणि थोडा खालचा आकडा लिहिला. पुन्हा घसरला, पुन्हा खोडलं. वर्गात पोरांनी खाडाखोड केली की मी वही परत करते, आणि इथं माझं ते पान फाटायला आलं होतं.

दर रविवारी माय गावातल्या फोनच्या दुकानातून फोन करायची. "पैसे बरोबर ठेवले ना?" मी हो म्हणायची. शाळेत हजेरी घेताना नावं चुकायला लागली. जेवण जाईना. सगळ्यात वाईट म्हणजे चाचांच्या दुकानासमोरून जायचं मी सोडून दिलं, लांबच्या रस्त्यानं शाळेत जायला लागले. शेअर आपल्याला बघत नाहीत, हे कळत होतं, पण धीर होत नव्हता.

उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेले. उरलेला अर्धा कापूस मायनं भाव वाढेल म्हणून समोरच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवला होता. कापूस घरात फार दिवस राहिला की त्यातले बारीक किडे अंगाला लागतात. माय, बहीण, दोघींचे हात-मान लाल झाले होते. सगळे अंगणात झोपत, तरी खाजवत. दुसऱ्या दिवशी मायनं शेजाऱ्याकडं निरोप धाडला, गाडी सांगितली. "भाव तर वाढलाच नाही," मी म्हटलं. "नाही वाढला," ती म्हणाली. "पोरीच्या अंगाची साल निघून राह्यली. आता कायची वाट पाहू?"

आणि मला राहवलं नाही. चुलीपुढं बसून सगळं सांगितलं, खोडरबरासकट आणि लांबच्या रस्त्यासकट. वाटलं, आता ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं भाकर तव्यावरून उतरवली आणि विचारलं, "तुह्या त्या शेअरायनं खाज सुटते का अंगाले?"

"नाही."

"मंग तुले कसं समजीन, कधी इकाचे ते?"

बहीण दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बादली घेऊन हापशीवर गेली.

वणीला परतले आणि त्याच दिवशी चाचांकडं जाऊन म्हटलं, विका. "आज तर लई खाली हाय, मॅडम." मी म्हटलं, तरी विका. निम्म्याहून थोडे जास्त परत आले. ते मायला नेऊन दिले, पण त्यात फी बसेना; उरलेल्या कापसाचे पैसे उधारीत आणि बियाण्यात गेले होते. माझा पगार घालू म्हटलं, तर तो तीन महिन्यांपासून निघालाच नव्हता. बहिणीची जागा त्या वर्षी दुसऱ्या कुणाला गेली.

दिवाळीला गेले तेव्हा ती मायसोबत वेचणीला जात होती. संध्याकाळी माझ्यापुढं ताट ठेवताना मला तिचे हात दिसले. बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेले, नखांपाशी फुटलेले. मी ते हातात घ्यायला गेले, तर तिनं ओढणीखाली लपवले.

"पाहू नको, ताई," ती म्हणाली. "तुले भेव लागते."