तपासनिसांसारखेच हक्क

औषधांच्या गोदामात तिला सगळे किल्लीवाली म्हणत, आणि तिच्याकडे किल्ली म्हणाल तर एकही नव्हती. होता तो एक कॉम्प्युटर. कोणी कुठली फाइल उघडायची, कोणी नुसती वाचायची, हे त्यातल्या गटांवरून ठरे. माणसाला गटात टाकलं की फाइल उघडली, काढलं की बंद. बारा वर्षं ती हे काम चोख करत होती.

चूक एकच, आणि ती सगळ्यांचीच. नवा माणूस आला की साहेबांचा मेल येई, ‘तपासनिसांसारखेच हक्क द्या.’ कुणाला काय लागेल याचा विचार करायचा कंटाळा, दुसरं काय! गोदामाचे जुने तपासनीस वारून सहा वर्षं झाली होती, पण नक्कल काढायला बरं म्हणून त्यांचं खातं तसंच ठेवलं होतं. ती त्याची नक्कल करी, वर नवं नाव घाली आणि मोकळी होई.

तपासनिसांना काही विचारलं की ते आधी टेबलावर पेन्सिल तीनदा आपटत, मग बोलत. त्यांच्या हक्कांची नक्कल मिळालेली पहिली मुलगी तसंच करू लागली, तेव्हा किल्लीवालीला हसू आलं. त्या पोरीने तपासनिसांना पाहिलंही नव्हतं. चौथ्या माणसाच्या वेळी मात्र हसू आलं नाही. पुढे अकरा टेबलांवरून टकटक ऐकू येऊ लागली. सांगणार कुणाला? लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

मग तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला आणि त्याला तिच्याच गोदामात नोकरी लागली. नवरा तोंडाचा भलताच फटकळ, बेसूर शीळ घालणारा, बायकोवर जीव टाकणारा. त्याच्यासाठीही तोच मेल आला. तिने नक्कल केलीच नाही. एकेक गट हाताने निवडला, दीड दिवस घालवला, साहेबांची बोलणी खाल्ली. महिनाभर नवरा शीळ घालत राहिला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

एक दिवस ताप आला म्हणून ती घरी राहिली. संध्याकाळी दोघं जेवायला बसली.

“आज काय झालं रे ऑफिसात?”

त्याने चमचा ताटावर तीनदा आपटला. “एक फाइल उघडत नव्हती. तुझ्या कॉम्प्युटरवरून शेजारच्या टेबलवालीने तपासनिसांचे हक्क देऊन टाकले.”

सकाळी अंगात ताप असतानाच तिने ऑफिस गाठलं. कुठला गट आपण दिलेला आणि कुठला मेलेल्या माणसाकडून आलेला, हे कळायला मार्ग नव्हता. तिने नवऱ्याला सगळ्याच गटांतून काढलं. शेवटी ‘सर्व’ नावाचा एक उरला. त्यात सगळेच असतात, तिथून कुणाला कधी काढत नाहीत. तिने त्यातूनही त्याला काढलं आणि घरी जाऊन पडून राहिली.

संध्याकाळी नवरा उंबऱ्यात उभा राहिला.

“आत येऊ?”

“वेडा की काय? स्वतःच्या घरात विचारतोस?”

तो हलेना.

“अरे, ये ना!”

तो आला आणि खुर्चीपाशी थांबला. “बसू?”

“बस.”

तो बसला.

“तुझ्याशी बोललं तर चालेल?”

तिला रडू फुटलं. “हो रे, बोल. बोल ना!”

त्याने अदबीने मान डोलावली.

“किती वेळ?”